पाठ असलेले का आठवत नाही?

दीर्घकाळ पाठ केलेले मंत्रही प्रसंगी का स्फुरत नाहीत, असे संगारव ब्राह्मण तथागतांना विचारतो (संयुत्तनिकाय, बोज्झंगसंयुत्त). कळमेश्वरच्या परीक्षा-केंद्रावर बसलेल्या आपल्या मुलामुलींचाही हाच प्रश्न असतो. भगवंत पाण्याच्या पात्राची उपमा देतात : वाऱ्याने हेलकावणाऱ्या पाण्यात मुख दिसत नाही. हा वारा म्हणजे 'उद्धच्च-कुक्कुच्च' हे नीवरण. 'उद्धच्च' म्हणजे मराठीतील उद्धटपणा नव्हे. चित्ताची अस्थिरता होय. 'कुक्कुच्च' म्हणजे केल्या-न केल्याची रुखरुख. आजचा 'ताण' याहून फारसा निराळा नाही. तीव्र ताणात स्रवणारी कॉर्टिसोलसारखी संप्रेरके स्मरणाची क्रिया अडवतात, असे शरीरशास्त्रही सांगते. ज्ञान नष्ट होत नाही. पाणी तेवढे हलते.

अशा वेळी पालक "आणखी नेटाने वाच" म्हणतात. याच संयुत्तातील अग्गिसुत्त नेमके उलट सांगते. चित्त उद्धत असताना वीर्य वाढविणे म्हणजे आग विझवू पाहताना तिच्यात वाळके गवत टाकणे होय. तेव्हा पस्सद्धि, समाधी व उपेक्खा यांची भावना करावी. पुस्तक मिटून काही काळ केवळ येणारा-जाणारा श्वास पाहावा. वीर्याची वेळ चित्त सुस्तावले असताना असते.