गोदीला दरवाजे कशाला?

उधाणाच्या भरती-ओहोटीत मुंबईला समुद्राचं पाणी चार-पाच मीटर चढतं-उतरतं. धक्क्याला लागलेलं जहाज ओहोटीत गाळात रुतू नये, म्हणून १९१४ साली खुल्या झालेल्या अलेक्झांड्रा, म्हणजे आजच्या इंदिरा गोदीला दरवाजे बसवले. जहाज दोन दरवाज्यांमधल्या चिंचोळ्या जागेत घ्यायचं, पाणी गोदीच्या पातळीला आणायचं, मगच आतला दरवाजा उघडायचा. सोय उत्तमच होती. पण दरवाज्याची रुंदी जेमतेम तीस मीटर, आणि नवी कंटेनर जहाजं त्याहून रुंद! मग दरवाजाच का वाढवला नाही? कारण अडचण पाण्यापुरती नव्हती. कंटेनर रचायला ऐसपैस मैदान लागतं आणि गोदीला तर शहर खेटलेलं. म्हणून १९८९मध्ये खाडीपलीकडे न्हावा-शेवा बंदर सुरू झालं, हे योग्यच झालं. तिथे दरवाजे नाहीत, खोली तळ उपसून मिळवली आहे. गाळ मात्र पुन्हा पुन्हा काढावा लागतो.