संत्र्याने न्यूमोनिया होत नाही, आणि जातही नाही

मध्य प्रदेशातल्या सौंसर-पांढुर्ण्याकडे संत्र्याचा आंबिया बहार तोडणीला येतो तेव्हाच थंडी पडते आणि घरोघरी पोरं खोकू लागतात. दोष संत्र्यावर येतो: आंबट आहे, कफ करतं, न्यूमोनिया होईल, देऊ नका. न्यूमोनिया होतो तो न्यूमोकॉकससारख्या जिवाणूंनी किंवा विषाणूंनी. संत्र्याने छातीत कफ भरत नाही. बागेत फळांचे ढीग लागलेले असताना घरचंच पोर त्याला मुकतं, याचं मला फार वाईट वाटतं.

याच्या अगदी उलटा गैरसमज मोबाइलवरून पसरतो. ‘ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस’ घातक, म्हणून अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या घ्या, फुप्फुसं ठणठणीत राहतील. गोष्ट इतकी सरळ नाही. जिवाणू फुप्फुसात शिरला की न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी त्याला गिळतात आणि ऑक्सिजनपासून सुपरऑक्साइड, हायड्रोजन पेरॉक्साइड असे जहाल रेणू तयार करून त्याला मारतात. ज्यांच्या पेशींना जन्मतःच हे जमत नाही, त्यांना ‘क्रॉनिक ग्रॅन्युलोमॅटस डिसीज’ असतो. आजार दुर्मीळ, पण त्यात न्यूमोनिया पुन्हापुन्हा गाठतो. म्हणजे हे रेणू शरीराला हवेतच. बिघडतं ते प्रमाण सुटल्यावर, कारण तेच रेणू फुप्फुसाचं नाजूक अस्तरही जाळतात; हाच तो ‘ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस’, म्हणजे ऑक्सिडेटिव्ह ताण. त्यात न्यूमोकॉकस स्वतःही हायड्रोजन पेरॉक्साइड सोडतो.

ही सगळी ओढाताण एका गोळीने ताळ्यावर येत नाही. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या २९ हजारांवर पुरुषांवर मोठी चाचणी झाली. १९९४ साली निकाल आला तेव्हा बीटा-कॅरोटीन या अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्के जास्त निघाला. संत्रं खावं ते फळ म्हणून. त्यातून ‘क’ जीवनसत्त्व मिळतं. औषधाची जागा ते घेत नाही.

‘धुराची सवय होते’ हाही भ्रमच. घरात गॅस आला तरी आंघोळीचं पाणी अजून कित्येक ठिकाणी पऱ्हाट्यांवर तापतं, आणि शेकायला लहान मूल चुलीपाशीच बसतं. तो धूर ऑक्सिडेटिव्ह ताण वाढवतो, श्वासनलिकेतली जंतू बाहेर लोटणारी यंत्रणा ढिली करतो. घरातल्या धुराने लहान मुलांतल्या न्यूमोनियाचा धोका जवळपास दुप्पट होतो, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. गोळ्यांवरचा खर्च वाचवून चूल घराबाहेर काढली, तर त्याचा उपयोग कितीतरी जास्त.

खोकल्याच्या बाटलीने जिवाणू मरत नाहीत. शिवाय २०२५ साली शेजारच्या छिंदवाडा जिल्ह्यात, परासियाकडे, डायएथिलीन ग्लायकॉल मिसळलेल्या सिरपने मुलांच्या किडन्या निकामी केल्या आणि त्यांचे जीव घेतले. मनानेच आणलेली बाटली पाजू नका.

बघायचं ते पोराचा श्वास. मूल शांत असताना अंगातलं झबलं वर करा आणि पूर्ण एक मिनिट पोटाची हालचाल मोजा. दोन महिन्यांच्या आत ६० किंवा जास्त, वर्षाच्या आत ५०, एक ते पाच वर्षांत ४०: हा श्वास वेगाचा. डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गडचिरोलीत गावातल्याच माणसांना न्यूमोनिया ओळखून प्रतिजैविक द्यायला शिकवलं. त्या गावांत न्यूमोनियाचे बालमृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा ५४ टक्के कमी होते. ‘लॅन्सेट’मध्ये १९९० साली ते छापून आलं.

श्वास वेगाचा भरला तर त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या. बरगड्यांखाली खळगा पडत असेल, मूल दूध ओढत नसेल किंवा वेगाने श्वास घेणारं मूल दोन महिन्यांपेक्षा लहान असेल, तर सकाळची वाट न बघता १०८ ला फोन करा.