पंधरा हजार कोटी कोटी निघाले, पोचले किती?

ट्रास्टुझुमॅब या कर्करोगावरच्या अँटीबॉडीच्या कुपीत तळाशी पांढरी भुकटी असते, ४४० मिलिग्रॅम. डे केअरमधली नर्स तिच्यात पाणी सोडते आणि कुपी हलवत नाही, तळहातावर अलगद फिरवते. हलवली तर फेस येतो, प्रथिन बिघडतं. मग ठरलेला डोस काढून २५० मिलिलिटर सलाईनच्या पिशवीत. ग्लुकोजची पिशवी इथे चालत नाही.

साठ किलो वजनाच्या बाईला दर तीन आठवड्यांनी यातलं ३६० मिलिग्रॅम लागतं. चिमूटभरच. पण या अँटीबॉडीचा रेणुभार सुमारे १,४८,००० धरून हिशेब केला, तर चिमटीत भरतात १५ वर सतरा शून्यं इतके रेणू. आपल्या मोजणीत पंधरा हजार कोटी कोटी. माणसाच्या शरीरात पेशी सुमारे ३७ लाख कोटी. म्हणजे डोक्यापासून पायाच्या नखापर्यंत प्रत्येक पेशीच्या वाट्याला चाळीसेक हजार रेणू! एकेक रेणू जेमतेम १० नॅनोमीटरचा, तरी सगळे एका रांगेत लावले तर रांग चंद्रापर्यंत एकोणीस वेळा जाऊन परत येईल.

आता समोरची बाजू बघू. स्तनाच्या निरोगी पेशीवर हर-टू नावाचे रिसेप्टर, म्हणजे या अँटीबॉडीने पकडायच्या जागा, काही दहा हजारांच्या घरात असतात. स्तनाच्या दर पाच-सहा कर्करोगांपैकी साधारण एकात त्याचं जनुक पेशीत भरमसाट वाढतं आणि रिसेप्टर वीस लाखांपर्यंत जातात. संशोधक डेनिस स्लेमन यांनी या जनुकाचा आणि आजाराच्या आक्रमकपणाचा संबंध १९८७ मध्ये दाखवला. हर-टूवरची ही अँटीबॉडी अमेरिकेत १९९८ मध्ये मंजूर झाली. ग्रॅमभर गाठीत शंभर कोटी पेशी धरल्या, तर रिसेप्टर होतात वीस कोटी कोटी. आपण सोडलेत पंधरा हजार कोटी कोटी. कागदावर लढाई एकतर्फी आहे.

कागदावरच. प्रत्यक्षात ग्रॅमभर गाठीत पोचतो तो डोसच्या लाखातला एक ते दहा हजारांतला एक भाग. अगदी वरचा आकडा घेतला तरी दीड कोटी कोटी रेणू, म्हणजे तेरा रिसेप्टरांमागे एक. रेणूला हात दोन, तरी पुरवठा अपुराच. साध्या केमोच्या औषधाच्या शेकडोपट जड असलेला हा रेणू रक्तवाहिनीतून झिरपतो संथपणे, गाठीच्या आतला दाब त्याला बाहेर ढकलतो, आणि जे आत शिरतात ते वाहिनीलगतच्या पहिल्याच पेशींना चिकटून बसतात. गाठीच्या पोटातल्या पेशी कोरड्या राहतात. मॉलच्या दारात अडकलेल्या सेलच्या गर्दीसारखं.

मला म्हणूनच याच औषधाच्या, २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचण्या बोलक्या वाटतात. त्यांत गाठ शस्त्रक्रियेने आधीच काढलेली होती, मागे राहिल्या असतील त्या विखुरलेल्या पेशी. आणि ट्रास्टुझुमॅबने आजार उलटण्याचा धोका जवळपास निम्म्यावर आणला. उरल्या गाठींसाठी दुसरी युक्ती निघाली: पोचणारे थोडेच, तर प्रत्येकाच्या पाठीवर ओझं द्या. ट्रास्टुझुमॅब डेरुक्सटेकानच्या एका रेणूला केमोचे आठ रेणू जोडलेले असतात. पेशीच्या आत ते सुटे झाले की तिच्या पडद्यातून शेजारच्या पेशींतही झिरपतात.

आणि जिथे गाठीत घुसायची सक्तीच नाही तिथे? निव्होलुमॅब ही दुसरी अँटीबॉडी बांधली जाते आपल्याच संरक्षक टी-पेशींना, ज्या रक्तातही भेटतात. तिचा प्रचलित डोस २४० मिलिग्रॅम, किंमत बहुतेक घरांच्या आवाक्याबाहेर. मुंबईच्या टाटा मेमोरियलने तोंड-घशाच्या कर्करोगात फक्त २० मिलिग्रॅम देऊन पाहिलं. रुग्ण १५१, निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध. नुसत्या गोळ्यांच्या उपचारावर वर्षभराने १६.३ टक्के हयात होते, जोडीला हा बाराव्या हिश्शाचा डोस दिला तेव्हा ४३.४ टक्के. पूर्ण डोसशी थेट तुलना त्यात नव्हती, हे खरं. पण वीस मिलिग्रॅम म्हणजेही आठशे कोटी कोटी रेणू होतात. शरीरात टी-पेशी चाळीसेक हजार कोटी. एकीमागे दोन लाख रेणू पडतात, आणि तिच्यावरच्या पकडायच्या जागा हजारांतच मोजाव्या लागतात.