लगामाची वादी आणि हातचा टांका

लगाम हा शब्द फारशींतून आपल्याकडे आला आणि इतका रुळला कीं, जिभेला, खर्चाला आणि मुलांच्या हट्टालाहि आपण तोच घालूं लागलों. संस्कृतांत मात्र या साधनाच्या निरनिराळ्या अंगांना निरनिराळीं नांवें आहेत. घोड्याच्या तोंडांत जें लोखंड असतें तें खलीन किंवा कविका. स्वाराच्या हातीं येते ती वल्गा किंवा रश्मि. कठोपनिषदांत मनाला दिलेली लगामाची उपमा आमच्या बहुतेक वाचकांस ठाऊक असेल. परंतु ती वादी कोण कापतो, कोण शिवतो आणि ती तुटत कां नाहीं, हें विचारण्याचें आपल्याला सहसा सुचत नाहीं. आज आम्ही तेवढेंच विचारणार आहों.

याचें उत्तर इंग्लंडांत, बर्मिंगहॅमजवळच्या वॉल्सॉल गांवीं चांगलें मिळतें. तेथील लोहार फार जुन्या काळापासून तोंडांतलीं लोखंडें, रिकिबी, बकलें असें घोड्याचें सामान करीत. (लंडनांत तर या कारागिरांच्या संघाला इ. स. १२६१ सालींच नियम घालून दिलेले होते.) एकोणिसाव्या शतकांत वॉल्सॉलच्या लोखंडाला कातड्याची जोड मिळाली आणि गांव खोगीर-लगामांसाठीं नांवारूपास आला. तेथील फुटबॉलच्या संघाला आजहि ‘सॅडलर्स’, म्हणजे खोगीर करणारे, असें म्हणतात.

लगामाचें कातडें जोड्याच्या कातड्याहून निराळें. गाईबैलांचें कातडें झाडांच्या सालींच्या काढ्यांत सावकाश कमावितात आणि मग त्यांत चरबी व तेल चोळून जिरवितात. हें वाचतांना कांहीं वाचकांच्या कपाळाला आठ्या पडतील. पण मृदंगाची पुडी ज्यांच्या कीर्तनांत चालते त्यांनीं लगामाच्या वादीला नाक मुरडूं नये. वाद्यांसाठीं पाठीकडचा भाग तेवढा घेतात, कारण पोटाकडचें कातडें सैल असून ताणलें जातें. गालांवरच्या दोन वाद्यांपैकीं एक ताणली आणि दुसरी तशीच राहिली, तर तोंडांतलें लोखंड तिरपें बसतें, आणि बिचाऱ्या घोड्याला आडमुठा ठरवून चाबूक खावा लागतो! म्हणून जाणता कापणारा त्या दोन वाद्या कातड्याच्या लगतच्या भागांतून काढतो. मग कडा तासून गोल करणें, रंगविणें, घोटून चकाकी आणणें आणि तापल्या लोखंडानें कडेलगत एक बारीक रेघ ओढणें, हीं कामें होतात. रेघ पुष्कळशी शोभेचीच.

खरी परीक्षा शिवणींत. वादी जेथें बकलांतून दुमडते आणि जेथें लोखंडाला जोडली जाते, तेथें घाम, लाळ आणि ओढ हीं तिन्हीं एकत्र येतात. भरधाव घोड्यावर बसलेल्या माणसाची सुखरूपता अशा वेळीं बोटभर शिवणीवर अवलंबून असते. शिवणारी व्यक्ति दोन गुडघ्यांमध्यें लाकडी चिमटा धरून त्यांत वादी पकडते. दांतेरी लोखंडानें खुणा करते, साधारणपणें इंचांत आठ ते बारा. आणि आरीनें भोंक पाडते. आपल्या चांभाराजवळ असते तशीच ही आरी. मेण चोळलेला दोरा एकच, पण त्याच्या दोन टोकांना दोन सुया. आणि दोन्ही सुया प्रत्येक भोकांतून उलटसुलट दिशांनीं जातात. यंत्राच्या टांक्यांत वरचा व खालचा असे दोन दोरे कातड्याच्या पोटांत एकमेकांस नुसते अडकलेले असतात. एक तुटला कीं शेजारचे टांकेहि ढिले पडूं लागतात. हातच्या शिवणींत एका बाजूचा टांका झिजून गेला, तरी त्याच भोकांतून गेलेला दुसरा पदर वादी धरून ठेवतो. यंत्र वेगानें शिवतें, सरळ शिवतें, स्वस्त शिवतें, हें आम्हांस मान्य आहे. पण हा दुहेरी आधार त्याच्या टांक्यांत नाहीं.

वॉल्सॉलांत कापणारे बहुधा पुरुष आणि शिवणाऱ्यांत बायका पुष्कळ. कित्येकजणी घरीं काम आणून चूल व मुलें सांभाळीत शिवीत, आणि मजुरी पुरुषांहून कमीच मिळे. घोड्यावर मिरविणाऱ्या सरदाराला आपला जीव कोणा गृहिणीच्या टांक्यावर लटकला आहे, याची कल्पना क्वचितच असावी.

कारागिरी उत्तम म्हणून लगाम दयाळू, असें मात्र नव्हे. गाडीच्या घोड्याची मान केवळ ऐटीसाठीं वर ताणून धरणारी एक वादी त्या काळीं इंग्लंडांत रूढ होती. ॲना सेवेल या बाईंनीं १८७७ सालीं ‘ब्लॅक ब्यूटी’ ही घोड्याच्या तोंडून सांगितलेली कादंबरी प्रसिद्ध करून त्या क्रूरतेवर लोकांचें लक्ष वेधलें. ती वादीहि सुबकच असे. घोड्याला त्याचें काय?

पुढें मोटारी आल्या आणि घोडे गेले. वॉल्सॉलचे हात पाकिटें, पिशव्या, पट्टे यांकडे वळले. राणी दुसरी एलिझाबेथ हिच्या हातांत नेहमीं दिसणाऱ्या लॉनर कंपनीच्या पिशव्या याच गांवीं होत. आपल्याकडे हें आधींच घडून गेलें होतें. १८१८ सालीं पेशवाई बुडाली, घोडदळें मोडलीं, आणि ज्यांच्या नांवांतच जीन आहे ते जीनगर धातूचें ओतकाम, चित्रें, मूर्ति, पुस्तकबांधणी अशा कामांस लागले. ज्या हातांनीं खोगिरें शिवलीं, त्यांच्याच वंशजांनीं आमच्या आजोबांच्या पोथ्यांना पुठ्ठे बांधले असतील.

वॉल्सॉलांत १९८८ सालीं या धंद्याचें संग्रहालय निघालें. पण धंदा केवळ संग्रहालयांतच उरला असें नाहीं. तेथें आजहि हातानें लगाम शिवणारे आहेत, आणि आपल्या कानपुरांतून खोगीर-लगाम परदेशीं जातात. जुना लगाम दुरुस्तीस आला कीं जाणता कारागीर प्रथम बकलाजवळची वादी वांकवून भेगा पाहतो. कातडें शाबूत असेल, तर झिजलेला दोरा उसवून काढतो, नवा मेणवतो आणि दोन्ही सुया त्याच जुन्या भोकांतून पुन्हां घालतो.