थोड्या दिवसांची काशी आणि नारायणभट्टांचा सेतू

काशीला निघालेल्या मराठी यात्रेकरूच्या हाती आज बहुधा दोन किंवा तीन दिवस असतात, आणि एवढ्या वेळात काय करावे व काय सोडावे याचा निर्णय तो आधी जाऊन आलेल्या नातेवाइकांच्या सांगण्यावर, नाहीतर तिथे भेटणाऱ्या नावाड्याच्या सल्ल्यावर सोपवतो. हाच प्रश्न सोळाव्या शतकात मूळच्या पैठणच्या एका घराण्यातील पंडिताने धर्मशास्त्राचा विषय म्हणून हाती घेतला होता. त्या पंडिताचे नाव नारायणभट्ट आणि ग्रंथाचे नाव ‘त्रिस्थलीसेतु’. त्रिस्थली म्हणजे प्रयाग, काशी आणि गया ही तीन क्षेत्रे, आणि सेतु म्हणजे तिन्हींकडे नेणारा पूल. पुण्याच्या आनंदाश्रम संस्थेने १९१५ मध्ये आपल्या ग्रंथावलीतील ७८वा ग्रंथ म्हणून तो छापला, आणि भारतरत्न पांडुरंग वामन काणे यांनी आपल्या धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या १९५३ साली निघालेल्या चौथ्या खंडात तीर्थयात्रेचे विवेचन करताना त्याचा पदोपदी आधार घेतला. तरीही काशीयात्रेचा बेत आखणाऱ्या मराठी घरांत या ग्रंथाचे नाव क्वचितच निघते, आणि ही उणीव भरून काढण्याजोगी आहे.

नारायणभट्टांविषयीची बरीचशी माहिती त्यांचे पुत्र शंकरभट्ट यांनी लिहिलेल्या ‘गाधिवंशानुचरित’ या संस्कृत कुलवृत्तांतातून मिळते. हरप्रसाद शास्त्री यांनी १९१२ मध्ये काशीतील दक्षिणी पंडितांवर लेख लिहून या वृत्तांताकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. त्यानुसार नारायणभट्टांचे वडील रामेश्वरभट्ट यांनी पैठण सोडल्यावर दीर्घ प्रवास केला, त्या प्रवासात द्वारकेच्या वाटेवर असताना १५१३ साली नारायणभट्टांचा जन्म झाला, आणि पुढे हे कुटुंब काशीत स्थिरावले. अकबराचा मंत्री तोडरमल याच्या घरी झालेल्या वादसभेत नारायणभट्टांनी गौड व मैथिल पंडितांवर मात केल्याचे शंकरभट्ट अभिमानाने सांगतात, आणि पुत्राने लिहिलेल्या चरित्रातील स्तुतीचा भाग वजा केला तरी दक्षिणेतून आलेल्या या घराण्याने दोन पिढ्यांत काशीच्या पंडितवर्गात अग्रस्थान मिळवले हे खरेच ठरते. ‘निर्णयसिंधु’कार कमलाकरभट्ट आणि ‘भगवंतभास्कर’कार नीळकंठभट्ट हे नारायणभट्टांचे नातू होत, आणि १६७४ मध्ये रायगडावर शिवछत्रपतींचा राज्याभिषेक करणारे गागाभट्ट हे त्यांचे पणतू. मराठी इतिहासाला पणतू चांगला ठाऊक आहे. पणजोबांची ओळख अजून व्हायची आहे.

‘त्रिस्थलीसेतु’च्या आरंभी सर्व तीर्थांना लागू पडणारे सामान्य प्रकरण आहे, आणि मोजक्या दिवसांसाठी निघालेल्या माणसाच्या दृष्टीने तेच सर्वांत उद्बोधक आहे. निबंधग्रंथ, म्हणजे स्मृती व पुराणांतील वचने एकत्र करून त्यांच्यातील विरोधाचा निर्णय लावणारे ग्रंथ, यात्रेचे फळ चक्क अपूर्णांकांत मोजतात. दुसऱ्यासाठी यात्रा करणाऱ्याला फळाचा सोळावा अंश मिळतो आणि जो प्रसंगाने, म्हणजे अन्य कामासाठी गेला असता ओघात तीर्थ करतो त्याला अर्धे फळ मिळते, असे स्मृतिवचन या परंपरेत प्रमाण मानले गेले आहे. कार्यालयीन कामासाठी वाराणसीला जाऊन एक सकाळ गंगेवर घालवणाऱ्याचा विचार शास्त्राने कितीतरी आधी केला होता, आणि त्याला रिकाम्या हाती परत पाठवले नव्हते, हे येथे ध्यानात घेण्यासारखे आहे.

तीर्थश्राद्धाचे नियमही प्रवाशाची अडचण ओळखूनच घडलेले दिसतात. तीर्थश्राद्ध म्हणजे तीर्थावर पोहोचल्यावर पितरांसाठी करावयाचे श्राद्ध. त्यासाठी योग्य काळाची वाट पाहू नये, पोहोचताच ते करावे, आणि त्यात आवाहन व अर्घ्य हे नेहमीच्या श्राद्धातील विधी गाळावेत, असे शास्त्रकार सांगतात. घरी तिथी आणि प्रहर यांच्या बाबतीत काटेकोर असणारे हे शास्त्र वाटसरूसाठी इतके लवचिक होते याचे कारण उघड आहे: तीर्थावर आलेला माणूस परका असतो, त्याला परतायचे असते, आणि त्याच्या अल्पकाळाला शास्त्राने सवलत दिली नाही तर तीर्थ फक्त स्थानिकांचेच उरेल.

आजच्या अशा वाटसरूसाठी प्रवासाचा तपशील थोडक्यात सांगता येतो. मुंबईहून महानगरी आणि कामायनी या गाड्या वाराणसीला जातात. वाराणसी जंक्शनखेरीज २०२१ मध्ये ‘बनारस’ असे नाव मिळालेले पूर्वीचे मंडुआडीह स्थानक आणि गंगेपलीकडचे, २०१८ मध्ये ‘पंडित दीनदयाल उपाध्याय जंक्शन’ असे नामांतर झालेले पूर्वीचे मुगलसराय जंक्शन ही उतरण्याची अन्य ठिकाणे होत. श्रावण-भाद्रपदात गंगेचे पाणी घाटांच्या पायऱ्या झाकून टाकते, एका घाटावरून दुसऱ्यावर काठाकाठाने जाता येत नाही आणि नौकाही अनेकदा बंद असतात, तर वैशाख-ज्येष्ठात लू वाहते. म्हणून कार्तिक ते फाल्गुन हा काळ उत्तम. त्यातही कार्तिकाला तोड नाही. धनत्रयोदशीपासून अन्नकूटापर्यंत अन्नपूर्णेच्या सुवर्णमूर्तीचे दर्शन खुले असते, ते वर्षात एरवी होत नाही, आणि कार्तिकी पौर्णिमेला देवदिवाळीच्या रात्री सर्व घाट दिव्यांनी उजळतात. मात्र देवदिवाळीच्या गर्दीत पुढे सांगितलेली कोणतीही यात्रा शांतपणे होणे कठीण असल्याने, दिवस थोडे असतील तर ती तिथी टाळून आधीचा आठवडा निवडणे अधिक शहाणपणाचे.

काशीत ‘यात्रा’ या शब्दाला एक विशेष अर्थ आहे. गावाहून काशीला येणे ही यात्रा आहेच, पण काशीत आल्यावर ठरलेल्या क्रमाने ठरलेल्या देवस्थानांना जाणे यालाही यात्राच म्हणतात, आणि स्कंदपुराणाच्या काशीखंडातील शेवटच्या, शंभराव्या अध्यायात अशा यात्रांचे प्रकार दिले आहेत. सर्वांत लहान ती नित्ययात्रा: गंगास्नान, विश्वेश्वराचे दर्शन आणि धुंडिराज, अन्नपूर्णा, दंडपाणी, कालभैरव अशा मोजक्या देवतांचे पूजन. तिच्याहून मोठी पंचतीर्थी, म्हणजे पाच तीर्थांवरील स्नानांची यात्रा. पुढे अंतर्गृहयात्रा, म्हणजे विश्वेश्वराभोवतीच्या आतल्या वर्तुळातील अनेक देवस्थानांची परिक्रमा. आणि सर्वांत मोठी पंचक्रोशी, म्हणजे संपूर्ण क्षेत्राला घातलेली सुमारे ८० किलोमीटरची प्रदक्षिणा, जिच्यात कर्दमेश्वर, भीमचंडी, रामेश्वर, शिवपूर आणि कपिलधारा असे पाच मुक्काम येतात. एकाच क्षेत्रासाठी एका सकाळपासून पाच-सहा दिवसांपर्यंतची मापे येथे तयार आहेत, आणि प्रत्येक माप आपल्यापुरते पूर्ण आहे. लहान यात्रा म्हणजे मोठ्या यात्रेचा तुकडा असे या परंपरेत मानलेले नाही.

हे तत्त्व किती खोलवर रुजले होते ते काशीच्या गल्ल्यांतील पंचक्रोशी मंदिरात दिसते. त्या मंदिराच्या भिंतींवर पंचक्रोशीच्या वाटेवरील १०८ देवस्थानांची शिल्पे ओळीने बसवलेली आहेत, आणि ज्याला वयामुळे, प्रकृतीमुळे किंवा वेळेअभावी पाच मुक्कामांची वाट चालता येत नाही त्याने या एका मंदिराला प्रदक्षिणा घालावी अशी तेथील धारणा आहे. अल्पकाळ आलेल्या माणसाने ज्या स्थळाला आवर्जून जावे असे हे स्थळ आहे, आणि प्रवासाच्या याद्यांत त्याला जागा मिळत नाही हे खेदाचे आहे.

नारायणभट्टांच्या ग्रंथाचा गाभा मात्र विश्वेश्वराविषयीच्या एका लहानशा परिच्छेदात आहे. विश्वेश्वराचे मंदिर घोरी सैन्याच्या ११९४ च्या स्वारीपासून पुढे अनेकदा पडले आणि उभे राहिले, आणि नारायणभट्टांच्या काळात यात्रेकरूपुढे खरा पेच होता: ज्या लिंगाच्या दर्शनासाठी शेकडो कोस चालून यायचे ते जागेवरच नसेल तर यात्रा झाली की नाही? त्यांचा निर्णय असा की, काळाच्या ओघात मूळ लिंग हलवले गेले आणि तेथे दुसरे स्थापले गेले, तर त्या स्थानी जे लिंग असेल तेच विश्वेश्वर मानून पूजावे. आणि परकीय सत्तेमुळे तेथे एकही लिंग नसेल, तर त्या स्थानालाच प्रदक्षिणा व नमस्कार करावा, तेवढ्याने नित्ययात्रा सिद्ध होते, फक्त स्नपन म्हणजे लिंगाला स्नान घालण्यासारखे जे उपचार लिंगाविना होऊच शकत नाहीत ते गळतात. या वाक्यांत विलाप नाही आणि आवेशही नाही. रिकाम्या जागेसमोर उभ्या असलेल्या यात्रेकरूने नेमके काय करावे आणि काय केले नाही तरी चालेल, एवढेच ते सांगतात, आणि म्हणूनच त्यांचे सामर्थ्य मोठे आहे.

सुमारे १५८५ मध्ये तोडरमलाच्या साहाय्याने विश्वेश्वराचे भव्य मंदिर पुन्हा उभे राहिले, आणि त्या उभारणीशी नारायणभट्टांचे नाव परंपरेने जोडले आहे. लिंगाच्या अभावाची चर्चा करणारा ग्रंथ त्या उभारणीच्या आधीचा असावा असे अनुमान त्यावरून निघते. ते मंदिर १६६९ मध्ये औरंगजेबाच्या आज्ञेने पाडले गेले, आणि अहिल्याबाई होळकरांनी १७८० च्या सुमारास शेजारच्या जागेवर आजचे मंदिर बांधेपर्यंत शंभराहून अधिक वर्षे लोटली. त्या मधल्या काळात यात्रा थांबली नाही. नारायणभट्टांनी स्थानाला वस्तूच्या वर ठेवले नसते तर थोड्या दिवसांसाठी आलेल्या त्या काळच्या यात्रेकरूंना कोणता आधार उरला असता, हा विचार करण्याजोगा आहे.

पंचतीर्थीतही हाच नियम पावलोपावली उपयोगी पडतो. तिचा क्रम असी-संगम, दशाश्वमेध, वरणा-संगमावरील आदिकेशव, पंचगंगा आणि शेवटी मणिकर्णिका असा आहे. येथे गंगा उत्तरवाहिनी असल्याने नौका आधी प्रवाहाबरोबर उत्तरेच्या टोकापर्यंत जाते आणि मग प्रवाहाविरुद्ध मणिकर्णिकेकडे परतते. असी आज नाल्याच्या रूपात उरली असून तिचे मुख घाटापासून दूर वळवले गेले आहे. पंचगंगेवर गंगा, यमुना, सरस्वती, किरणा आणि धूतपापा अशा पाच नद्यांचा संगम मानतात. डोळ्यांना एकटी गंगा दिसते. घाटावर जेथे बिंदुमाधवाचे थोरले मंदिर होते तेथे मशीद उभी आहे, आणि बिंदुमाधवाची पूजा जवळच औंधच्या पंतप्रतिनिधींनी बांधलेल्या मंदिरात चालते. मणिकर्णिकेचे चक्रपुष्करिणी कुंड दर पावसाळ्यात गाळाने भरते आणि दरवर्षी उपसून मोकळे केले जाते. पाचही ठिकाणी पूर्वीचे काहीतरी नाहीसे झालेले आहे, आणि तरीही पाचही ठिकाणी संकल्प सोडून स्नान होत आले आहे.

तेव्हा अडीच दिवसांचा बेत शास्त्राच्या आधाराने असा आखता येतो. पोहोचल्याच्या दिवशी, करायचे असल्यास, तीर्थश्राद्ध आणि त्यानंतर नित्ययात्रा, म्हणजे विश्वेश्वर, अन्नपूर्णा, धुंडिराज आणि कालभैरव. दुसऱ्या दिवशी पहाटे असी घाटावरून नौकेने पंचतीर्थी, कारण घाट पूर्वाभिमुख असल्याने समोर उगवणारा सूर्य त्या यात्रेला आपोआप लाभतो. आणि तिसऱ्या दिवशी सकाळी गल्ल्यांतून चालत पंचक्रोशी मंदिराची प्रदक्षिणा. सारनाथ आणि रामनगर यांना वेगळा दिवस देता येत नसेल तर ती पुढच्या खेपेसाठी ठेवावीत. सर्व काही उरकण्याच्या घाईत कोणतीच यात्रा पूर्ण न होण्यापेक्षा एखादी लहान यात्रा क्रमाने आणि समग्र होणे हे या परंपरेला अधिक मान्य आहे.

या तिन्ही दिवसांत दशाश्वमेधाकडे जाताना मराठी यात्रेकरू ज्या गजबजलेल्या चौकातून पुन्हा पुन्हा जाईल त्याचे नाव गोदौलिया. पूर्वी येथून गोदावरी नावाचा एक ओढा वाहत दशाश्वमेधापाशी गंगेला मिळत असे, आणि चौकाचे नाव त्याच गोदावरीवरून पडल्याचे सांगतात. शहर वाढले तसा ओढा रस्त्याखाली गेला. पैठण गोदावरीच्या काठी आहे, आणि तेथून निघालेल्या घराण्यातील नारायणभट्टांनी काशीला स्थानाचा नियम दिला. त्या चौकात आज पाण्याचा थेंबही दिसत नाही, रिक्षांचा आणि विक्रेत्यांचा गलबला असतो. तरी तेथे क्षणभर थांबून गोदावरीला केलेला नमस्कार, नारायणभट्टांच्या निर्णयाप्रमाणे, योग्य स्थानीच पोहोचतो.