नांगर सावरणारी झडप

नांगर हाकणारा कसबी शेतकरी आपला हात रुमण्यावरून क्षणभरही ढळू देत नाही. फाळ वाजवीपेक्षा खोल जाऊ लागला, तर त्याच्या हाताला ते तत्काळ कळते व तो नांगर सावरून धरतो. यंत्राच्या अंगी शक्ती पुष्कळ असते. पण ही जाण त्याला कोठून यावी?

प्रारंभीच्या ट्रॅक्टरमागे नांगर नुसता आकड्याने जोडलेला असे. फाळ मोठ्या दगडात अडकला, की नांगर जागीच थांबे. इंजिन मात्र आपले बळ लावीतच राही. मग ट्रॅक्टरचे पुढचे अंग वर उचलले जाई आणि ते अवजड यंत्र चालकावर उलटे. अशा अपघातांत कित्येक चालक प्राणास मुकले.

हॅरी फर्ग्युसन या आयरिश यंत्रज्ञाने अनेक वर्षे खपून या संकटावर उपाय शोधला. त्याच्या योजनेप्रमाणे बनविलेला 'टी. ई. २०' हा करड्या रंगाचा लहानसा ट्रॅक्टर इंग्लंडमधील कॉव्हेन्ट्री शहरी १९४६ ते १९५६ या काळात तयार होत असे. असे पाच लाखांहून अधिक ट्रॅक्टर तेथून बाहेर पडले.

या ट्रॅक्टरला नांगर तीन दांड्यांनी जोडतात. दोन दांडे खाली व एक वर. खालचे दांडे उचलण्याचे काम तेल करते. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पसरतो, हा नियम पास्कल या फ्रेंच शास्त्रज्ञाने सतराव्या शतकात सांगितला. म्हणून लहान दट्ट्याने दाबलेले तेल दहापट क्षेत्रफळाच्या दट्ट्यावर दहापट जोर लावते. ट्रॅक्टरच्या पोटातील पंप असेच तेल दाबून एका नळकांड्यात पाठवितो. तेथील दट्ट्या सरकला, की नांगर वर येतो.

या तेलावर एका लहानशा झडपेचा अंमल चालतो. तिच्या तीन अवस्था असतात. ती एका बाजूस सरकली, की पंपाला तेल मिळते व नांगर उचलला जातो. मध्यावर आली, की दोन्ही वाटा बंद होतात आणि नांगर आहे तेथेच राहतो. दुसऱ्या बाजूस सरकली, की नळकांड्यातील तेल निघून जाते व नांगर आपल्याच भाराने खाली उतरतो.

झडप हलविण्यासाठी चालकाजवळ एक तरफ असते. परंतु तेवढ्यावरच फर्ग्युसन थांबला नाही. त्याने वरचा दांडा एका भक्कम स्प्रिंगला व ती स्प्रिंग झडपेला जोडली. फाळ खोल गेला, की मातीचा विरोध वाढतो. वरचा दांडा पुढे रेटला जातो व स्प्रिंग दबते. त्याबरोबर झडप सरकते आणि नांगर किंचित वर येतो. विरोध कमी झाला, की स्प्रिंग सैल होऊन झडप पुन्हा मध्यावर येते. रुमण्यावरच्या हाताचे काम ते असे आपोआप होते.

मोठा दगड आडवा आला, तर स्प्रिंग अतिशय दबते व झडप तेल सोडून देते. मागील चाकांवरचा नांगराचा भार हटतो व ती जागच्या जागी फिरू लागतात. वरचा दांडा ट्रॅक्टरला पुढे रेटीत असल्याने त्याची पुढची चाकेही जमीन सोडीत नाहीत. चालकाचे प्राण वाचतात.

मात्र या झडपेची निगा राखावी लागते. तेलात कचरा गेला, तर ती अडकते. झिजली, तर तेल झिरपून उचललेला नांगर हळूहळू खाली येतो. म्हणून काम थांबविताना नांगर जमिनीवर टेकवून ठेवावा आणि उचललेल्या नांगराखाली कोणीही कधीही जाऊ नये.

महाराष्ट्रातील शेतांवर आज दिसणाऱ्या ट्रॅक्टरांमागेही बहुधा हेच तीन दांडे आढळतात. इंजिनाचे बळ सर्वांच्या डोळ्यांत भरते. पण त्या बळाला केव्हा आवरावे, हे जाणणारी झडप तेलात बुडालेली, कोणाच्याही दृष्टीस न पडता आपले काम करीत असते.