गुन्हेगारीची वाढ : कारणें व उपाय

चोऱ्या-दरोड्यांच्या वार्ता वाढल्या, कीं जिकडेतिकडे एकच मागणी ऐकूं येते : शिक्षा अधिक कडक करा. परंतु निदानावांचून औषधाची मात्रा वाढविणें हें शहाण्या वैद्याचें लक्षण नव्हे.

प्रथम आंकडे पारखले पाहिजेत. नोंदलेले गुन्हे व घडलेले गुन्हे ह्या दोन भिन्न गोष्टी होत. दखलपात्र गुन्ह्याची खबर मिळतांच ती नोंदविणें पोलिसांवर बंधनकारक आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें २०१३ सालीं दिला. अशा कारणानें नोंद वाढली, तर ती न्यायाची प्रगतिच समजावी.

खऱ्या वाढीचीं कारणें निराळीं आहेत. खेड्यांत परका माणूस लपत नाहीं. शहरांत शेजाऱ्यास शेजारी ओळखीत नाहीं. त्यांत बेकारी, व्यसन व कर्ज ह्यांची भर पडली, कीं दुबळ्या मनाचा तोल जातो. आणि पकडले जाण्याची भीति नसली म्हणजे मोह बळावतो. शिक्षेच्या क्रौर्यापेक्षां तिच्या अटळपणानें गुन्ह्यास आळा बसतो, हें इटालियन विचारवंत चेझारे बेक्कारिया ह्यानें १७६४ सालींच प्रतिपादिलें. उलट, २०२२ च्या अखेरीस भारतांतील दर चार बंदिवानांपैकीं सुमारें तिघांच्या खटल्यांचा निकालच लागलेला नव्हता. निकाल लांबला, कीं अपराध्यास धाक राहत नाहीं व निरपराध्यास सराईतांची संगत घडते.

जन्मावरून गुन्हेगार ठरविण्याचा प्रयोगहि होऊन गेला. १८७१ च्या कायद्यानें संबंध जमातींवर तो शिक्का मारण्यांत आला. १९५२ सालीं कायदा रद्द झाला, तरी कित्येकांना प्रामाणिक रोजगाराचीं दारें बंदच राहिलीं.

ह्याच्या अगदीं उलट प्रयोग औंध संस्थानांत झाला. राजे भवानराव पंतप्रतिनिधि ह्यांनीं मॉरिस फ्रीडमन ह्या पोलिश गृहस्थांच्या साहाय्यानें १९३९ सालीं आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसविलें. तेथें बंदिवान तटाभिंतींवांचून, बायकामुलांसह राहून शेती करूं लागले. भिंतीचें काम विश्वासानें व संसाराच्या पाशानें केलें. शांतारामांचा १९५७ चा ‘दो आंखें बारह हाथ’ हा बोलपट ह्याच प्रयोगावर बेतलेला आहे.

तपास कसून, निकाल वेळेवर, आणि शिक्षा भोगलेल्यास काम, असे उपाय तीन. पहिले दोन सरकारच्या हातीं, तिसरा समाजाच्या. सुटून आलेल्या माणसास दुकानांत वा कारखान्यांत कोणीच उभें केलें नाहीं, तर जुने सोबती त्यास बरोबर हुडकून काढतात. आणि मग गृहस्थावर एका कुलुपाच्या जागीं दोन कुलुपें लावण्याची पाळी येते.